जुनी चेअरलिफ्ट काढताय, तर पायासकट काढा

एखाद्या स्की रिसॉर्टने जुनी चेअरलिफ्ट, म्हणजे खांबांवरून फिरणाऱ्या पोलादी दोराला लटकलेल्या खुर्च्यांतून स्कीअर्सना डोंगरावर नेणारी यंत्रणा, काढायचं जाहीर केलं की हळहळ सुरू होते. खुर्च्या विक्रीला आल्या की त्यांच्यावर उड्या पडतात. ही माया मला कळते. पण खुर्च्या गेल्यावर डोंगरावर जे उरतं, त्याबद्दल कुणीच बोलत नाही, याचा मला राग येतो.

लिफ्ट उतरवणं उभारण्याइतकंच जोखमीचं. सगळी मदार त्या पोलादी दोरावर. एका टोकाला जड वजन किंवा हायड्रॉलिक यंत्रणा लावून तो सतत ताणलेला असतो. आधी खुर्च्या एकेक करून स्टेशनात सोडवायच्या, मग ताण सावकाश उतरवायचा, आणि त्यानंतरच दोर खांबांवरच्या कप्प्यांवरून खाली घ्यायचा. ताण असताना दोर सुटला, तर जवळ उभ्या माणसाची खैर नाही. खांबांसाठी बऱ्याचदा हेलिकॉप्टर बोलवावं लागतं, कारण त्या चढावर क्रेन न्यायची तर आधी रस्ता खणायला हवा. त्या रस्त्यापेक्षा हेलिकॉप्टरचा खर्च परवडला, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं सगळं निस्तरल्यावर खाली पाया उरतो. पोलाद भंगारात जातं, खुर्च्यांना हौशी गिऱ्हाईक मिळतं, काँक्रीटला कोण विचारतो? मग ठोकळे तसेच राहतात, गवतातून गंजलेले बोल्ट वर आलेले. थोडा बर्फ पडला की तेच बोल्ट दिसेनासे होतात, आणि वरून स्की करत येणाऱ्याला त्यांचा पत्ताही नसतो.

फ्रान्समध्ये माउंटन विल्डरनेस या पर्वतरक्षण संस्थेचे स्वयंसेवक २००१ पासून अशा बेवारस लिफ्ट स्वतः उतरवताहेत. दुसऱ्याचा पसारा लोकांनी श्रमदानाने का आवरायचा? तिथल्या २०१६ च्या पर्वत कायद्याने, लिफ्ट कायमची बंद झाल्यावर ३ वर्षांत काढून जागा पूर्ववत करायचं बंधन घातलं. पण ते त्यानंतर परवानगी मिळालेल्या लिफ्टना. दुखणं आहे ते आधीच्यांचं.

जुनं जपायला माझा विरोध नाही, उलट जपायचं तर मनापासून जपा. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या मॅड रिव्हर ग्लेनची एकेरी खुर्च्यांची लिफ्ट १९४८ ची. हे रिसॉर्ट स्कीअर्सच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचं आहे. त्यांनी १५ लाख डॉलरांहून अधिक खर्च करून २००७ मध्ये ती नव्याने उभी केली. त्यासाठीही जुने खांब आधी उतरवावेच लागले! अमेरिकेतल्याच आयडाहोमधल्या सन व्हॅली रिसॉर्टात १९३९ मध्ये बसवलेली एक लिफ्ट तर पुढे अलास्कातल्या कॉर्डोव्हा गावी नेऊन माउंट आयकवर पुन्हा उभारली गेली. काळजीपूर्वक सोडवलेल्या यंत्राला दुसरं आयुष्य मिळतं. गंजत ठेवलेल्याला नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नव्या लिफ्टला परवानगी देतानाच ती उतरवण्याचे पैसे अनामत म्हणून भरून घ्या. रिसॉर्ट दिवाळखोरीत निघालं की मालक सापडत नाही, आणि कमी उंचीवरच्या डोंगरांवर बर्फ घटत चालल्याने अशी वेळ आता वारंवार येणार आहे. अनामत परत द्यायची ती शेवटचा पाया निघून त्या जागी गवत रुजल्यावर, आणि तेही कुणीतरी पूर्ण उतार पायी फिरून तपासल्यावरच.