'तू बघ' म्हणजे नक्की काय?

मे महिन्यात आमच्या धंद्यातल्या माणसाच्या वाटेला कोणी जाऊ नये. माझं काम स्ट्रक्चरल डिझाइनचं, आणि येणाऱ्या प्रत्येक पार्टीला पावसाच्या आत पाया भरून हवा असतो. त्यांचंही चुकत नाही. बडोद्याची काळी माती एकदा भिजली की खड्ड्याच्या बाजू ढासळतात, मग पंप लावा, गाळ उपसा, पुन्हा खोदा. म्हणून मार्चपर्यंत निवांत असलेले लोक एप्रिलात जागे होतात आणि मेमध्ये दिवसातून चार वेळा फोन करतात.

गेल्या मेमध्ये माझ्या टेबलावर अकरा कामं होती. भायली-गोत्रीकडचे चार बंगले, मकरपुरा जीआयडीसीतली एक शेड, वाघोडिया रोडवरच्या एका शाळेचे वाढीव मजले, दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याची दुरुस्ती आणि बाकी किरकोळ. (वाड्याचं काम मी लहानपणी तिथे हळदीकुंकवाला जायचे म्हणून घेतलं. धंदा असा करू नये.) ऑफिसात आम्ही पाच जण: मी, एक तरुण इंजिनिअर, हिशेब आणि बिलं बघणारी मुलगी, बाहेरची धावपळ करणारे एक भाई, आणि ड्राफ्ट्समन काका. काकांनी उमेदीची वर्षं ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंग पेननं काढली आहेत. रेघ चुकली की ब्लेडनं खरवडायची, त्या काळातला माणूस. ते मला बेन म्हणतात, गुजरातीत बोलतात, मी मराठी-गुजराती मिसळून बोलते. बडोद्यात हे असंच चालतं.

शेडच्या मालकानं ऐन वेळी मशीनची जागा बदलली आणि दोन कॉलम सरकवावे लागले. काकांनी ड्रॉइंग सुधारलं, त्यावर आर-थ्री (म्हणजे तिसरी सुधारित आवृत्ती) घातलं आणि सोमवारी तपासायला माझ्यासमोर ठेवलं. मी म्हटलं, "पाहते." मंगळवारी त्यांनी दारातून विचारलं, "बेन, आर-थ्री मोकली दउं?" (पाठवून देऊ?) मी फोनवर होते, हातानंच 'थांबा' केलं. बुधवारी मी शाळेच्या स्लॅबवर. गुरुवारी साइटवर जुन्या आर-टूवरून चुन्याची आखणी झाली, शुक्रवारी खोदाई, शनिवारी सकाळी पीसीसी, म्हणजे पायाखालचं साधं काँक्रीट. दुपारी कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला: मालक आलेत आणि विचारतायत, हा कॉलम मशीनच्या पोटात कसा काय?

दोन खड्डे वाया गेले. खर्च मी भरला. पण पहिल्या पाच मिनिटांत मी काय केलं ते सांगते, कारण पोस्ट त्यासाठीच लिहितेय. मी काकांवर ओरडले. "चार दिवस होते, आठवण करून द्यायची ना!" ते शांतपणे म्हणाले, "दोनदा करून दिली, बेन. पाठवायचा हक्क मला कुठे होता?"

त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

मी आजवर सगळ्यांना सांगत आले की माझ्यावर कामाचा डोंगर आहे आणि हाताखालची माणसं डोकं चालवत नाहीत. दोन्ही वाक्यं मनापासून म्हणायचे. त्या शनिवारी रात्री टेबलावरचा ढीग मोजला. सतरा कागद होते, आणि सतराही फक्त माझ्या 'पाहते'साठी अडकलेले. डोंगर होता खरा, पण त्यातला बराचसा मीच रचलेला.

आपल्या घरांत आणि ऑफिसांत काम सोपवायला बहुधा दोनच शब्द वापरतात: 'तू बघ'. या दोन शब्दांचे अर्थ मोजायला बसलं तर दमछाक होईल. कधी 'तू कर' असा अर्थ असतो. कधी 'तू कर, पण मला विचारल्याशिवाय काही करू नकोस'. कधी नुसतंच 'मला कंटाळा आलाय'. आणि बिघडलं तर मागाहून कळतं की त्याचा अर्थ 'हे तुझ्यावर होतं' असा होता. सासूबाई नव्या सुनेला "आज स्वयंपाकाचं तू बघ" म्हणतात आणि फोडणी पडेपर्यंत ओट्याशी उभ्या राहतात, त्यातलाच प्रकार. माझ्या माहेरी तर 'स्वतः मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही' ही म्हण दिवसातून एकदा तरी ऐकू यायची. मी तीच ऐकून मोठी झाले आणि तिच्यावर ऑफिस चालवलं.

काही वर्षांपूर्वी एक हुशार मुलगा माझ्याकडे होता. त्याला एक अख्खी इमारत दिली, म्हटलं, "हे सगळं तू बघ." आणि रोज रात्री त्याच्या फाइल्स उघडून बीमची मापं बदलत बसले. चूक होती म्हणून नाही, मी वेगळं केलं असतं म्हणून. आठ महिन्यांत त्यानं नोकरी सोडली. जाताना म्हणाला, "मॅडम, मी तुमचा टायपिस्ट होतो." तेव्हा मला तो उर्मट वाटला होता.

जूनमध्ये पाऊस लागला आणि फोन थोडे थंडावले, तेव्हा सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: कुठल्या कामासाठी तुम्हाला माझी वाट पाहत बसावं लागतं? काकांनी चौदा गोष्टी लिहून आणल्या. हिशेबाच्या मुलीनं नऊ. भाईंनी तोंडीच एक सांगितली: "बेन, प्रिंटच्या दुकानातून कॉपी किती काढायच्या, हे विचारायला मला रोज फोन करावा लागतो." मी हसले, मग हसू गेलं, कारण तो फोन मी अनेकदा उचलत नाही आणि भाई दुकानाबाहेर उन्हात उभे राहतात.

काकांच्या चौदापैकी नऊ गोष्टी मी तिथल्या तिथे सोडल्या. कुठली शीट कुठल्या स्केलला, आर्किटेक्टकडून आलेल्या प्लॅनमध्ये मापं जुळत नसतील तर परस्पर फोन करून विचारणं, साइटला कव्हर ब्लॉकचा तक्ता पाठवणं, असल्या गोष्टी. या मी माझ्याकडे का ठेवल्या होत्या, ते मलाच सांगता येईना. मग काकांनी एका जुन्या ए-वन शीटच्या पाठीवर स्केलनं तीन खाने आखले (रेघा अर्थातच ओळंब्यात): 'करून टाका', 'करा आणि सांगा', 'विचारून करा'. एकेक काम कुठल्या खान्यात जाईल यावर आम्ही दोन दुपारी भांडलो. कल्पना काही फार थोर नाही. आमच्याकडे ती टिकली ती मात्र खाने मी न भरता त्यांनी भरले म्हणून, असं मला वाटतं.

सगळ्यात मोलाची ठरली एक वेगळीच नोंद, आणि ती सुचली काकांनाच. डिझाइन बदललं असेल तर नवीन ड्रॉइंग माझ्या सहीशिवाय जाणार नाही, हे कायम. पण ज्या क्षणी बदल होणार हे कळेल, त्या क्षणी काका साइटला फोन करून म्हणतील, "थांबा, नवीन येतंय." मला न विचारता. आपण माणसांना काम करण्याचा हक्क कसाबसा देतो. काम थांबवण्याचा हक्क द्यायला जीव धजत नाही. शेडच्या वेळी हा एक फोन झाला असता तर माझे पैसे, मालकाचा आठवडा आणि काकांना ऐकावं लागलेलं सगळं वाचलं असतं.

सळईच्या तक्त्याचीही एक गंमत सांगते. बार बेंडिंग शेड्यूल मी पूर्वी स्वतः तपासायचे, ओळ न् ओळ. ते काकांकडे दिलं. पंधरा दिवसांनी ते एक कागद घेऊन आले: "बेन, ही सोळाची जादा सळई ६.३ मीटर धरलीय. सहा केली तर चालेल?" सळई बाजारात १२ मीटरची येते. ६.३ चा तुकडा कापला की उरते ५.७, आणि त्या कामात तेवढ्या लांबीची सोळा एमएमची सळई दुसरीकडे कुठेच लागत नव्हती. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला सुमारे १.५८ किलो. एकेका सळईमागे नऊ किलो भंगार! गणितात लागत होती ५.९, मी हात सैल ठेवून वाढवली होती. सहा केली, एका सळईतून दोन निघाल्या. मी हे तक्ते वर्षानुवर्षं तपासत होते, पण माझी नजर कमी पडतंय का एवढंच शोधायची. वाया काय जातं हे बघणारं डोकं शेजारच्या टेबलावर होतं आणि त्याला मी रेघा मारायला बसवलं होतं.

हे सगळं सुरू असताना मला मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आठवत होती. बाबा लहानपणी तिथे न्यायचे, आणि लोखंडी रॅकांमधल्या त्या काचेच्या फरशीवर पाय ठेवायला मी घाबरायचे. (स्ट्रक्चरलकडे वळले त्याला ती फरशीही कारण असेल.) सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं. तो इथे जेमतेम तीन वर्षं राहिला. संस्थानभर वाचनालयं उभी करायची म्हणजे काम केवढं! पण त्यानं १९११ मध्ये इथल्याच लोकांसाठी ग्रंथपालनाचा वर्ग काढला. १९१३ मध्ये तो परत गेला, आणि त्यानंतरही फिरती वाचनालयं गावोगाव जात राहिली. मी उद्या तीन वर्षांसाठी कुठे गेले तर माझ्या ऑफिसचं काय होईल, हा प्रश्न मी तोवर स्वतःला कधी विचारला नव्हता. तीन दिवसांसाठी नाशिकला लग्नाला गेले होते, तेव्हा मांडवातून एकतीस फोन केले होते.

काही गोष्टी मी देणार नाही, हेही लिहिते, नाहीतर उद्या कोणी म्हणेल बाई सगळं सोडून बसल्या. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर या राज्यात आमच्या धंद्यातल्या कोणाला शांत झोप लागत असेल असं मला वाटत नाही. कच्छमधल्या केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवर अहमदाबादेत इमारती बसल्या. त्यामुळे गणितं, सही आणि काँक्रीट ओतण्याआधी सळई डोळ्यांनी पाहणं माझ्याकडेच. पार्टीला वाईट बातमी देणंही माझ्याकडे. ते काम हाताखालच्या माणसाला देणाऱ्या साहेबांविषयी माझं मत चांगलं नाही.

आणि पैशांचं. कामाचं ओझं वाटून घ्या म्हणून सल्ले देणारे एवढं एक वाक्य गाळतात. काकांचा पगार मी वाढवला, हिशेबाच्या मुलीचाही, कारण वसुलीचे फोन आता ती करते आणि माझ्यापेक्षा गोड बोलून जास्त पैसे आणते. जबाबदारी वाढवायची आणि पगार तोच ठेवायचा, याला आपल्याकडे जुना शब्द आहे: वेठ. भाईंचा वाढवायला मला तीन महिने उशीर झाला. तोही त्यांना मागावा लागला, मला आपणहून सुचला नाही.

यंदाच्या मेमध्ये तेरा कामं होती. दमले तेवढीच, खोटं कशाला बोलू? सवय गेलेली नाही. परवा रात्री साडेदहाला घरी लॅपटॉप उघडून काकांनी पाठवलेलं एक ड्रॉइंग चाळत होते, एका बाणाचं तोंड जरा भलतीकडे वाटलं. लगेच फोन लावला. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "बेन, ए तो मारा खानामां छे."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. बाण बरोबरच होता.