न हरवलेली किल्ली

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील एका विद्यालयात मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला आणि त्या अवधीत अक्षांश व रेखांश निदान दोन हजार मुलांच्या गळी उतरवले; परंतु त्यांच्या आधारे एखादी वस्तू स्वतः शोधून काढण्याचा प्रसंग माझ्यावर निवृत्तीनंतर आला, आणि तोही सख्ख्या भाच्यामुळे. भाचा बंगळुरूला संगणकाच्या कंपनीत आहे. गणेशचवथीला तो घरी आला, गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायला त्याने शिडी धरली, आणि शिडीवर असलेल्या मला खालून विचारले, "मामा, जिओकॅशिंग ठाऊक आहे का तुम्हाला?"

कोणीतरी एक डबी लपवून ठेवायची, तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, इतरांनी फोन घेऊन ती शोधायची, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तिथे परत ठेवायची, असा तो खेळ असल्याचे त्याने सांगितले. मी शिडीवरूनच विचारले, "मग मिळते काय?" तो म्हणाला, "सापडल्याचे समाधान." त्यावर स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "त्यांना फडताळातली जायफळाची डबी सापडली तरी मला पुरेसे समाधान आहे." खरे सांगायचे तर त्या एका वाक्यामुळे मी या छंदात पडलो.

या छंदाला नेमकी जन्मतारीख आहे, ही गोष्ट माझ्यातल्या मास्तराला फार आवडली. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांकडून सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात लष्करी कारणासाठी मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे आपल्या हातातील यंत्र शंभरेक मीटरांच्या परिसरात कुठेही भटकत राही. ती चूक २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली अर्धवट पुरून तिचे ठिकाण जगाला कळवले. त्या बादलीत पुस्तके, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा होता. सरकारने चूक दुरुस्त केल्यावर चोवीस तासांच्या आत तिचा लाभ घेणारा नागरिक माझ्या पाहण्यात हा एकच आहे.

आम्हाला सर्वांत जवळची डबी मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर दिसत होती. अवघडपणाला पाचांपैकी दीड आणि वाटेच्या खडतरपणालाही दीड, अशी तिची प्रतवारी होती, म्हणजे बालवर्गाला झेपेल इतकीच. भाच्याने ठिकाणाचे आकडे मला लिहून दिले आणि "मामा, तुम्ही भूगोलाचे, तुम्हाला काय सांगायचे" असे म्हणून तो परतीच्या बसला गेला. ते आकडे पंधरा अंश एकतीस पूर्णांक सहा मिनिटे उत्तर, त्र्याहत्तर अंश चोपन्न मिनिटे पूर्व, असे काहीसे होते आणि मिनिटांच्या पुढे दशांश चिन्हानंतर तीन अंक होते. मी चष्मा न लावता फोनमध्ये १५.३१६ आणि ७३.५४ असे भरले. फोनने क्षणभर विचार केला आणि मला खऱ्या जागेपासून सुमारे ४५ किलोमीटर नैऋत्येला, मुरगाव बंदरही मागे टाकून, भर अरबी समुद्रात नेऊन उभे केले. एका अंशाची मिनिटे साठ असतात, शंभर नव्हेत, त्यामुळे साडेएकतीस मिनिटे म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडे अधिक होतात, हे न समजल्याबद्दल मी आयुष्यभर मुलांचे दोन-दोन गुण कापत आलो आहे. त्या रात्री निळ्या पाण्यातील ती लाल खूण पाहताना मला ती सर्व मुले एकामागून एक आठवली.

आकडे दुरुस्त केल्यावर दुसरा प्रश्न संकेताचा होता. लपवणारा माणूस एक लहानसा संकेत देतो, पण तो सहज वाचता येऊ नये म्हणून इंग्रजीतले प्रत्येक अक्षर तेरा घरे पुढे सरकवलेले असते, म्हणजे 'ए'च्या जागी 'एन' आणि 'एन'च्या जागी पुन्हा 'ए'. (हाच नियम मराठी व्यंजनांना लावला तर 'क' पासून तेरा घरे पुढे थेट 'ढ' येतो. मी बोटांवर दोनदा मोजून पाहिले.) अर्धा तास खर्चून मी तो संकेत उलगडला. तो होता, 'दगडांच्या मध्ये'.

जुन्या गोव्याहून फेरीबोटीने स्कूटरसह मी रविवारी सकाळी बेटावर उतरलो. पाऊस नुकताच थांबला होता आणि शेते हिरवीगार होती. फोनमधील बाण मला मोठ्या विश्वासाने एका आडवाटेला घेऊन गेला, अंतर चाळीस मीटर, पंचवीस, बारा, सहा असे उतरत गेले, आणि सहावर येताच बाणाने गिरकी घेतली व मी नुकताच जिथून आलो ती दिशा दाखवली. मी मागे फिरलो, तर तो पुन्हा पुढे वळला. समोर चिऱ्यांचा जुना, शेवाळलेला, पन्नासेक पावले लांब गडगा पसरला होता, आणि संकेत म्हणत होता, दगडांच्या मध्ये.

इथे यंत्राची बाजू मांडणे न्यायाचे ठरेल. ते उपग्रह २०,२०० किलोमीटरांवरून फिरतात आणि त्यांच्यावरील अणुघड्याळांवरून वेळ कळवतात. आपला फोन निदान चार उपग्रहांचे संदेश किती उशिराने पोचले ते मोजून आपली जागा ठरवतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो, त्यामुळे घड्याळाची क्षुल्लक चूकही जमिनीवर मोठी होते. सापेक्षतेच्या नियमांमुळे ती घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांहून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, तोही हिशेब आधीच करून ठेवलेला असतो. (आमच्या विद्यालयाची घंटा एकतीस वर्षांत एकदाही वेळेवर वाजली नाही.) एवढे करूनही मोकळ्या आभाळाखाली चांगल्या फोनची चूक पाच मीटरांच्या आसपास राहते, आणि ओल्या पानांनी झाकलेल्या फणसाखाली, भिंतीवर आपटून आलेले संदेश ऐकत असताना, ती आणखी वाढते. शिवाय डबी लपवणाऱ्याच्या फोनचीही स्वतःची चूक असतेच. दोघांच्या पाच-पाच मीटरांची बेरीज केली तर दहा मीटर त्रिज्येचे वर्तुळ होते, त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस मीटर भरते, आणि तेवढ्यात आमच्याकडे बलकांवासकट, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यासकट, एक घर, विहीर आणि दोन माड आरामात बसतात. बाण गरगरतो याचे कारणही साधे आहे. उपग्रहांवरून दिशा कळायची तर माणसाने चालत राहावे लागते; तो थांबला की फोन आपल्या पोटातील होकायंत्राकडे वळतो, आणि ते बिघडले असेल तर फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठचा आकडा काढायचा असतो.

मी आठचा आकडा काढू लागलो. तीन-चार वेळा काढून झाल्यावर मागून एका वृद्ध बाईंनी कोकणीत विचारले, "फोनाची दृष्ट काढता काय, बाबा?"

तेथून पुढचा भाग कोणत्याही उपग्रहाच्या कक्षेत येत नाही. गोव्यात हातात फोन धरून, नजर खाली ठेवून, कोणाच्या तरी गडग्याच्या कडेने पावले मोजणाऱ्या माणसाचा अर्थ एकच लावला जातो, की जमीन विकली गेली. त्यातही हे दिवाडी बेट. इथे ऑगस्टमध्ये बोंदेराचा उत्सव होतो तो हद्दीच्या भांडणांची आठवण म्हणून. पोर्तुगीज काळात सीमा दाखवण्यासाठी निशाणे रोवली जात आणि लोक ती दगड मारून पाडत. असा वारसा असलेल्या गावात मी, आगंतुक, हद्दीच्या गडग्यापाशी उभा राहून आकडे पुटपुटत होतो. बलकांवावरून एक गृहस्थ उतरून आले आणि त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारले, "कोणता सर्व्हे नंबर?" त्यांच्या मागून आलेल्या तरुणाने जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढला आहे का, अशी चौकशी केली. तिसऱ्याने काहीच विचारले नाही, तो केवळ माझ्या स्कूटरचा क्रमांक वाचत राहिला.

खरे सांगता आले असते, पण या छंदाचा दंडक असा की अजाण लोकांसमोर, ज्यांना ही मंडळी 'मगल' म्हणतात, डबीचा बोभाटा करू नये, नाहीतर ती नाहीशी होते. शिवाय वयाच्या साठाव्या वर्षी "मी लपवलेली डबी शोधतो आहे" हे वाक्य पूर्ण शुद्धीत उच्चारायला जी छाती लागते ती माझ्याजवळ नव्हती. म्हणून मी म्हणालो, "किल्ली पडली हो, स्कूटरची."

मंडळींचे चेहरे तत्काळ पालटले. संशय गेला आणि त्याच्या जागी जी माया आली, ती संशयापेक्षा फार भयंकर होती. बाईंनी नातवंडांना हाक मारली, सर्व्हे नंबरवाल्यांनी काठी आणली, एक-चौदावाल्याने बांधालगतचे तण विळ्याने साफ करायला घेतले. तेवढ्यात मोटारसायकलवरून जाणारा एक तरुण थांबला आणि ओरडला, "सर, तुम्ही इथे?" तो माझा १९९८ सालच्या तुकडीतील विद्यार्थी निघाला. त्याने फोन करून आणखी दोघांना बोलावले. थोड्याच वेळात बाराएक माणसे माझ्या खिशात असलेली किल्ली मन लावून शोधत होती, आणि मी त्यांच्या घोळक्यात, खिशावर हात दाबून, वाकून शोधण्याचा अभिनय करत होतो.

आणि मग ते घडले. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने गडग्यातील दोन चिऱ्यांच्या फटीत हात घातला आणि कॅमेऱ्याच्या रिळाची जुनी डबी बाहेर काढली. काळी, करड्या झाकणाची, बोटभर उंचीची. तिच्यावर चिकटवलेली पट्टी मला पाच पावलांवरून वाचता येत होती. "सर, ही तुमची?" त्याने विचारले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी किल्ली शोधत होतो. मी म्हणालो, "नाही रे, असेल कोणाची तरी."

त्याने ती पुन्हा फटीत सरकवली. डावीकडून सातवा चिरा, आंब्याच्या मुळाच्या वर, एवढे मी पाहून घेतले. आता यात जो तात्त्विक प्रश्न आहे त्याचे उत्तर नियमात स्पष्ट आहे: डबी नुसती पाहिली म्हणजे सापडली असे होत नाही, आतील कागदावर स्वतःच्या हाताने नाव लिहावे लागते. म्हणजे मला ती सापडलीच नव्हती.

एक तासानंतर मी शोध थांबवण्याची विनंती केली आणि निघण्यासाठी स्कूटरवर बसलो, तेव्हा माझ्या थापेचा दुसरा अंक सुरू झाला. किल्ली हरवलेल्या माणसाची स्कूटर सुरू होत नाही. बारा जणांच्या देखत खिशातून किल्ली काढण्यापेक्षा मी नैवेद्याच्या पानावरून उठून जाणे पत्करले असते. विद्यार्थ्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी स्कूटर ढकलत धक्क्यापर्यंत आणली, मी शेजारून छत्री घेऊन चालत होतो. फेरीबोटीवर चढवतानाही त्यांनी मला हात लावू दिला नाही. पैलतीरावर सोडून ते परततील अशी माझी आशा होती, पण "सरांना असे वाऱ्यावर कसे सोडणार" असे म्हणून विद्यार्थी सोबत आला. मग आम्ही एका ओळखीच्या मेकॅनिकला घरून उठवले, त्याने कुलूपच बदलले, आणि साडेसहाशे रुपये मोजून मी नवीन किल्ली घेतली. जुनी किल्ली सबंध वेळ माझ्या मांडीला टोचत होती.

घरी पोचल्यावर बायकोने फक्त विचारले, "सापडले समाधान?"

पुढच्या रविवारी मी पहिल्या फेरीबोटीने गेलो, फोन न काढता. सातवा चिरा, आंब्याचे मूळ, फट. डबी होती. आतील कागदाची सुरळी ओलाव्याने फुगून पापडाच्या पिठासारखी झाली होती, कारण गोव्याच्या पावसासमोर रिळाच्या डबीचे झाकण म्हणजे केवळ शिष्टाचार असतो, आणि तिच्यातील ओल शोषणारी पुडी केव्हाच स्वतः ओली होऊन बसली होती. माझे पेन त्या कागदावर उठेना. पेन्सिल आणावी असे भाच्याने सांगितले होते, ते आता आठवले. मी सुरळीचा त्यातल्या त्यात कोरडा कोपरा शोधत होतो, तोच मागून पावले वाजली.

त्या वृद्ध बाई होत्या. मी डबी मुठीत लपवली. त्यांच्या चेहऱ्यावर विजयाचा आनंद होता. त्यांनी पदराच्या गाठीतून एक गंजलेली, लहानशी, कुठल्या तरी पेटीच्या कुलपाची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "मुलांना तुम्ही गेल्यावरही चैन पडेना," त्या म्हणाल्या, "चार दिवस शोधत होती. ही बघा, मिळाली." मी ती उलटसुलट करून पाहिली, हीच ती असे सांगितले आणि त्यांच्या पाया पडलो. त्यांनी चहाला बोलावले, ते मी मान्य केले, आणि पेन्सिल मिळेल का असे विचारले.

या छंदात आणखी एक रिवाज आहे, की डबीतून काही घेतले तर बदल्यात काही ठेवावे, आणि काय घेतले, काय ठेवले ते कागदावर नोंदवावे. चहा पिऊन परतल्यावर मी गडग्यापाशी उकिडवा बसलो आणि नातवाच्या आखूड पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहून खाली नोंद केली: घेतले, काही नाही, ठेवली, किल्ली. ती डबीत बरोबर मावली.