खुलासा: ब्रीदरचा पाइप थेट मॅनिफोल्डला जोडू नका

जालना-संभाजीनगर भागातल्या जुन्या गाडीवाल्यांमध्ये एक सल्ला फिरतोय: अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनीचा ब्रीदर पाइप (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) सरळ इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांना) जोडा, धूर आणि तेलाचा वास बंद. हे अर्धंच खरं आहे. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातली) वाफ मॅनिफोल्डने ओढून जाळणं बरोबर. पण मधे पीसीव्ही व्हॉल्व्ह (ही वाफ किती जाईल ते ठरवणारी झडप) हवाच.

आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) मॅनिफोल्डची ओढ सगळ्यात जास्त असते, वाफ मात्र तेव्हा कमी. व्हॉल्व्ह त्या वेळी वाट अरुंद करतो, लोड आला की मोकळी करतो, बॅकफायर झाला (ज्वाला उलटी मॅनिफोल्डमध्ये आली) तर बंद होतो. नुसत्या पाइपातून जादा हवा शिरते, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, आयडलिंग बिघडतं. वर तेल ओढलं जाऊन निळा धूर सुरू! मग बिचारा कार्बोरेटर विनाकारण उघडला जातो.

पाइप तेलाला टिकणारा, जाड घ्या. कूलरचा पाइप तेलाने फुगतो, ओढीने चपटा होतो. क्रँककेसमध्ये ताजी हवा घेणाऱ्या टोकाला फिल्टर लावाच, आपल्या काळ्या रानातली धूळ बेअरिंगं खाते. आणि ब्रेक बूस्टरच्या (मॅनिफोल्डच्या ओढीवर ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याच्या) पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) टाकून हे जोडणं मुळीच नको, त्याने ब्रेकच कमजोर होतो.