फ्लेक्सवर मोठा फोटो कोणाचा

सिंधुदुर्गात, गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या बांद्यात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली, सत्यनारायणाची महापूजा, जत्रा आणि सगळे पक्ष. सगळे म्हणजे सगळे. मशीनला विचारधारा नसते, शाई तेवढी लागते. कुठला पक्ष चढतोय आणि कुठला बसतोय हे मला निकालाआधी कळतं, अशा बाता मी दुकानात बसून मारत असतो. (2024 ला सपशेल तोंडावर आपटलो, ते असो.)

काल एका मित्राने पोस्ट टाकली, 'मनसे संपली, आता तरी पोरांनी कामाला लागावं.' खाली हसण्याच्या इमोजींची रांग. मी मनसेला कधी मत दिलेलं नाही, पुढेही देईन असं वाटत नाही. पण ते हसणं मला पटलं नाही. कमेंटमध्ये लिहायला घेतलं ते लांबत गेलं, म्हणून इथे लिहितो.

आधी फ्लेक्सबद्दलच सांगतो, कारण त्यातलं मला कळतं. मोठ्या पक्षाचा दहा बाय आठचा बॅनर लावायचा म्हणजे डोकेदुखी. वर दिल्लीचे, त्याखाली मुंबईचे, मग पालकमंत्री, खासदार, आमदार, जिल्हाध्यक्ष, तालुकाध्यक्ष. एकाचं डोकं दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच मोठं झालं की रात्री अकरा वाजता फोन. आणि अगदी तळाला 'शुभेच्छुक' म्हणून तीस-चाळीस पोरं, पोस्टाच्या तिकिटाएवढी. त्यातल्या एकाला मी विचारलं होतं, यात तू कुठला? त्याला स्वतःलाच सापडायला वेळ लागला.

मनसेचा बॅनर मी अर्ध्या तासात लावून मोकळा होतो. वर राजसाहेब, खाली सहा पोरं. सहाच्या सहा लांबून ओळखू येतात, कारण एकेकाचा फोटो दीड-दोन फुटांचा असतो. खाली पद: तालुका उपाध्यक्ष, विभाग अध्यक्ष, शाखाध्यक्ष. त्यातला एक बावीस वर्षांचा आहे. आयटीआय फिटर. बाप आंब्याच्या बागेत फवारणीला जातो. त्या घरात आजवर कोणाचं नाव छापून आलं असेल तर ते लग्नपत्रिकेवर. आता हायवेच्या कडेला, येणारा-जाणारा बघेल असं, आडनावासकट.

या आकर्षणाला तुम्ही उजवं म्हणा, अस्मिता म्हणा, काहीही म्हणा. मला आधी ते दोन फूट दिसतात.

आणि पैशाचं सांगायचं तर मोठ्या पक्षांची माझ्याकडे वहीच आहे, मागच्या निवडणुकीचं अजून अर्धं येणं बाकी. ही पोरं पन्नास-पन्नास, शंभर-शंभर काढून जीपे करतात आणि मगच बॅनर नेतात.

मध्यंतरी एका सरकारी कार्यालयात माझ्या थ्री-फेज मीटरचा अर्ज पडून होता. कुठलं कार्यालय ते सांगत नाही, उद्या परत त्याच दारात जायचं आहे. चार महिने झाले. 'साहेब साईटवर गेलेत', 'उद्या या', 'फाईल वर पाठवली आहे'. मी वय वर्षं एकावन्न, हातात पिशवी घेऊन बाकावर. शेवटी त्या फिटर पोराला सहज बोललो. तो दुसऱ्या दिवशी तिघांना घेऊन आला. आरडाओरडा नाही, तोडफोड नाही. गळ्यात गमछा, हातात माझ्या अर्जाची पोच. खुर्चीसमोर उभा राहून म्हणाला, 'साहेब, मराठीत सांगा, कधी होणार ते?' आठव्या दिवशी मीटर लागला.

आता यावर माझे सुशिक्षित मित्र म्हणतील की ही दादागिरी आहे. आहे. मलाही थोडी लाजच वाटली. पण मीटर लागला. त्या टेबलापर्यंत माझ्यासारख्याला पोचवणारा दुसरा कुठला रस्ता शिल्लक असता, तर मी त्या रस्त्याने गेलो असतो ना.

पक्षाची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे, भरभर सांगतो. 9 मार्च 2006 ला स्थापना. 2008 चं परप्रांतीयांविरुद्धचं आंदोलन, रेल्वे भरतीच्या परीक्षेचा राडा. 2009 ला पहिल्याच विधानसभेत 13 आमदार. 2012 ला नाशिक महापालिकेत 122 पैकी 40 नगरसेवक, महापौर त्यांचाच. मग उतार. 2014 ला एक आमदार, 2019 ला एक, 2024 ला शून्य. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून तर आजवर एकही आमदार नाही. खेडला 2016 मध्ये वैभव खेडेकर थेट नगराध्यक्ष झाले, तेवढं एक बेट होतं. तेही 2025 ला भाजपात गेले.

असं का झालं, यावर मुंबईचे पत्रकार 'धरसोड' हा एक शब्द टाकून मोकळे होतात. धरसोड आहेच. नाणारची रिफायनरी बघा. आधी होऊ देणार नाही. मग मार्च 2021 मध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र, की प्रकल्प महाराष्ट्राच्या हातून घालवू नका. मग मे 2023 ला रत्नागिरीत सभा, तिथे रिफायनरीच्या नव्या जागेतली, बारसूची कातळशिल्पं आणि जमिनी विकणाऱ्यांची कानउघाडणी. 2019 ला 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत मोदींच्या विरोधात गावभर सभा, स्वतःचा उमेदवार एकही नाही. 2024 ला गुढीपाडव्याला बिनशर्त पाठिंबा आणि मे महिन्यात कणकवलीत नारायण राणेंसाठी सभा. माझ्यापुरतं सांगायचं तर 23 जानेवारी 2020 ला झेंडा भगवा झाला, वर राजमुद्रा आली, आणि माझ्या कोरलड्रॉच्या सगळ्या जुन्या फायली एका दिवसात बाद झाल्या. जुन्या झेंड्यात निळा होता, हिरवाही होता. पोरांनी नवीन मागितला. मी विचारलं, हिरवा का काढला रे? त्यातला एक म्हणाला, 'वरून आदेश.'

पण धरसोड करणारे कोकणात निवडून येत नाहीत, असं आहे का? हसू नका. इथे एकाच घराण्याने शिवसेना, काँग्रेस, स्वतःचा स्वाभिमान पक्ष, भाजप आणि शिंदेसेना एवढी स्टेशनं घेतली आणि प्रत्येक वेळी लोक फलाटावर हार घेऊन उभे होते. त्यामुळे ते कारण मला अर्धवट वाटतं.

माझ्या मते खरं कारण जनगणनेत आहे. 2001 ते 2011 मध्ये महाराष्ट्र वाढला आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग घटले. सिंधुदुर्ग 8 लाख 69 हजारांवरून साडेआठ लाखांच्या खाली आला. कोण गेलं? ज्यांच्या खांद्यावर असला पक्ष उभा राहतो तीच पोरं गेली. वाडीत राहिले ते म्हातारे. म्हाताऱ्यांचं मत ठरतं गावकराच्या, म्हणजे गावच्या मानकऱ्याच्या खळ्यात, देवळाच्या सभामंडपात, सोसायटीच्या कर्जावर. जत्रेला गाऱ्हाणं घालतात तेव्हा सगळे एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणतात ना, तसं. सभेलाही तेच. राजसाहेबांच्या सभेला गर्दी होते, टाळ्या पडतात, लोक पोट धरून हसतात. मतदानाच्या दिवशी मात्र घरचा देव तो घरचाच.

'शिवसेना नाही का वाढली?' असं पोरं मला विचारतात. प्रश्न बरोबर आहे. हा पट्टा एकेकाळी नाथ पै आणि मधु दंडवत्यांचा. दंडवते 1971 पासून 1991 पर्यंत राजापूरचे खासदार होते. सेना जन्मली 1966 ला, आणि इथे मुळं धरायला तिला 1990 उजाडलं. चोवीस वर्षं! मग मनसेला वीस वर्षांतच मूठमाती कशाला देता?

फरक एवढाच की तेव्हा चाकरमान्याची मनीऑर्डर यायची आणि तिच्याबरोबर पक्षही यायचा. परळ-लालबागच्या खोलीत शाखा, शाखेतून गिरणीत नोकरी नाहीतर पालिकेत, आणि मुलगा मे महिन्यात गावी आला की बाप त्याचं ऐकायचा, कारण घराची कौलं मुलाच्या पैशाने बदललेली असायची. आता मुलगा विरार, नालासोपारा, डोंबिवलीत ईएमआयच्या ओझ्याखाली. गणपतीला पाच दिवस येतो, त्यातला एक दिवस हायवेच्या खड्ड्यांत जातो. बापाला तो काय सांगणार? बाप व्हॉट्सॲपवर त्याच्यापेक्षा जास्त वेळ असतो.

हायवेवरून आठवलं. ऑगस्ट 2023 ला मनसेने मुंबई-गोवा महामार्गासाठी पदयात्रा काढली तेव्हा माझ्यासारखे पक्षाबाहेरचेही खूश होते. 2011 पासून चाललेलं काम, आणि रस्ता हा इथल्या प्रत्येक घराचा विषय. तसाच मालवणच्या रापणकरांचा, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांचा. पर्ससीनच्या मोठ्या जाळीवाल्यांनी आणि कर्नाटकातल्या मलपीच्या हायस्पीड ट्रॉलरवाल्यांनी यांची मासळी ओरबाडली, त्यावर बोलणारा कोणीतरी हवाच होता. या दोन विषयांवर दहा वर्षं ठाण मांडून बसले असते तर आज चित्र वेगळं असतं, असं मला अजूनही वाटतं. पण मध्येच मशिदींवरच्या भोंग्यांचं आंदोलन आलं. 2022 ला आमच्या पोरांनी माझ्याकडून भोंग्याचे बॅनर करून नेले, आणि बांद्यात भोंग्याची तक्रार असलेला माणूस मला शोधून सापडला नाही. उलट दशावताराचा माईक रात्री दहाला बंद करावा लागेल की काय, या चिंतेत निम्मा गाव.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

तो फिटर पोरगा रोज सकाळी साडेसहाला बाईक काढून पत्रादेवीचा नाका ओलांडतो आणि पेडणे तालुक्यातल्या एका कारखान्यात कामाला जातो. आमच्या बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग भागातली हजारो पोरं असंच करतात. गोव्यात तशीच एक लहान पार्टी आहे, रिव्होल्युशनरी गोवन्स. आरजी म्हणतात. निशाणी फुटबॉल. 2022 ला पहिल्याच विधानसभेत नऊ टक्क्यांच्या वर मतं घेतली आणि 40 पैकी एक जागा मिळवली, सांत आंद्रेची, फक्त 76 मतांनी. त्यांचं सगळं राजकारण 'पोगो' विधेयकाभोवती फिरतं: 1961 ला गोवा मुक्त झाला त्याच्या आधी ज्याचे आईबाप किंवा आजीआजोबा गोव्यात जन्मले तोच मूळ गोंयकार, नोकरी, जमीन, सवलती आधी त्याला. बाकीचे भायले.

भायले म्हणजे कोण? यूपी-बिहारवाले, हो. कर्नाटकातले, हो. आणि आम्ही. आमची भाषा ऐंशी टक्के तीच, देव तेच, सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या नदीपलीकडच्या. पण नाक्याच्या पलीकडे आम्ही घाटी. घाट आम्ही आयुष्यात चार वेळा चढलो असू! 2018 च्या सुरुवातीला गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात शुल्क लावलं तेव्हा इथे केवढा आक्रोश झाला होता. त्याच सुमारास दोडामार्गात 'आम्हाला गोव्यातच घ्या' अशी मागणी उठली होती. मराठी अस्मितेच्या पोस्ट टाकणारे त्यावर चिडीचूप होते, माझ्यासकट.

तर मी त्या पोराला विचारलं. म्हटलं, अरे, तुझ्या कारखान्यातले ते आरजीवाले तुलाच काढा म्हणतात, आणि तू इथे येऊन दुसऱ्याला काढा म्हणतोस. कसं काय जमतं?

तो चहा पीत होता. म्हणाला, 'काका, तेंचा काय चुकला? तेंचो गाव. तेंका आधी नोकरी नको?'

'आणि तू रे?'

'माका काढल्यानी तर मगे बगूया.'

त्याला ते मनापासून पटलेलं आहे. त्याच्या लाईनवरचा आरजीवाला पोरगा त्याचा दोस्त आहे, दोघे एकाच डब्यातलं खातात, आणि दोघांचंही एकमेकांविषयी मत एकच: तुझं बरोबर आहे. माझ्यासारखा पोथ्या वाचलेला माणूस यात विसंगती काढत बसतो. त्याला विसंगती दिसत नाही, त्याला न्याय दिसतो. आपल्या दारात आपल्याला पहिला मान, एवढंच. ही भूक खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण हा जिल्हाच दुसऱ्याच्या दारात जाऊन जगतो. आजोबा मुंबईच्या गिरणीत, बाप बोटीवर, नातू पेडण्यात. 'बाहेरच्याला हाकला' हे गाणं प्रत्येक गावाने म्हणायला घेतलं तर सगळ्यात आधी सामान बांधावं लागेल ते आम्हाला.

आणि इथे बाहेरचा तरी कोण? बागेतला राखणदार नेपाळी, चिऱ्याच्या खाणीवरचे कामगार कानडी, दोडामार्गात रबर लावणारे केरळी. त्यांना ठेवून घेतलं कोणी? सातबारा त्यांच्या नावावर चढला तेव्हा खाली सही कोणाची होती? राजसाहेब रत्नागिरीत हेच बोलले होते, आणि ते बोललेलं मला त्यांच्या सगळ्या भाषणांत खरं वाटलं. पण जमीन विकणारा हा मतदार असतो आणि घेणारा नसतो, त्यामुळे त्या भाषणावर मतं कोण देणार?

म्हणून भवितव्याचं विचाराल तर माझा हिशोब असा: हा पक्ष आमच्या जिल्ह्यात मोठा होणार नाही आणि संपणारही नाही. आठ-दहा पोरं प्रत्येक तालुक्यात राहतील. तिशी आली, लग्न झालं, एखादं ठेकेदारीचं काम मिळालं की त्यातली निम्मी मोठ्या पक्षात जातील आणि बॅनरवर परत तिकिटाएवढी होतील. त्यांच्या जागी नवीन बावीस वर्षांची येतील. मी गेल्या दहा वर्षांत अशा दोन तुकड्या फ्लेक्सवर बघितल्या. आता ठाकरे बंधू एकत्र आले, 5 जुलै 2025 ला वरळीला एका मंचावर दिसले, त्याने मुंबईत काय व्हायचं ते होईल. इथे त्याचा परिणाम एवढाच, की बॅनरवर आता वर दोन फोटो मागतात, आणि कोणाचा मोठा ठेवायचा ते विचारायला फोन करतात.

परवा तो आला होता. जत्रेच्या शुभेच्छांचा बॅनर हवा, आठ बाय सहा. फोटो जुनाच चालेल म्हणाला, पण पद बदल, आता 'तालुका सचिव'. सेकंड शिफ्ट होती त्याला, घाईत होता. प्रूफ बघून ओके केलं, बाहेर जाऊन बाईकची सीट वर केली, गळ्यातला गमछा काढून नीट घडी घालून डिकीत ठेवला आणि पत्रादेवीच्या रस्त्याला लागला.