‘घरी उपचार स्वस्त’, पण कुणाला? : अनघाताईंना उत्तर

अनघाताई, ‘दवाखान्याचं बिल वाचतं म्हणता, पण भावावर लक्ष ठेवत रात्र रात्र जागून माझी नोकरी गेली, ती कुठल्या रकान्यात मांडता?’ या तुमच्या प्रश्नाला, मनाच्या आजारावर दाखल न करता घरीच उपचार करणं स्वस्त पडतं असं सांगणाऱ्या माझ्या लेखात उत्तर नव्हतं. चूक मान्य.

पण म्हणून घरच्या उपचारांचा मुद्दाच खोटा, हे पटत नाही. लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या चाचणीचे आकडे मी अर्धवट दिले होते. तिथे मनाचा आजार उसळला की डॉक्टर-नर्सचं पथक घरी यायचं. २६० रुग्णांची चाचणी: एका गटाला हे पथक, दुसऱ्याला नेहमीची सेवा. वॉर्डाबाहेरच्या सेवांचा खर्च पथकाच्या गटात सहा महिन्यांत माणशी ७६८ पौंडांनी जास्तच निघाला. वॉर्डातले दिवस धरल्यावर मात्र एकूण खर्च २४३८ पौंडांनी कमी. म्हणजे घरचे उपचार स्वस्त नव्हतेच, वाचली ती खाट.

आणि खाटेचा हिशेब चकवा देतो. वॉर्डाचा बराचसा खर्च पगारांचा. चार खाटा रिकाम्या राहिल्या म्हणून रात्रपाळीची नर्स कमी होत नाही. अख्खा वॉर्ड बंद करून तो पैसा पथकाकडे वळवला, तरच बचत हाती लागते. नाहीतर दोन्हीकडे खर्च, किंवा (आपल्याकडे बहुधा हेच) खाटही नाही आणि पथकही नाही. मग पथक म्हणजे तुम्ही.

परदेशातलं सांगू नका, असंही तुम्ही लिहिलंय. मग बंगळूरचं घ्या. १९८०च्या सुमारास शैला पै आणि आर. एल. कपूर या संशोधकांनी स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या काही रुग्णांना दाखल न करता घरीच उपचार दिले, नर्स नेमाने घरी जायची. दाखल केलेल्यांच्या तुलनेत रुग्ण जास्त सुधारले, खर्च कमी आला आणि कुटुंबावरचा भारही हलका झाला. तुमच्याकडे नर्स आली होती का? माझ्या आईच्या वेळी आमच्याकडे कुणीच फिरकलं नव्हतं.

विम्याचं म्हणाल, तर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाच्या आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलं. पण आपल्या बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात. दाखल केलं तर बिल निघतं, घरी सांभाळलं तर जागरणाची पावती कोण देणार?

लेखाचं शीर्षक बदललंय. बुडालेल्या पगाराचा रकाना जोडतोय. तुमचे किती महिने गेले ते कळवलंत, तर नाव न देता पहिली नोंद तुमचीच करीन.