बेडूक पिवळा का होतो?

काल रात्री पावसाने जोर धरला आणि आज सकाळी आमच्या वाड्यावर एकाच्या अंगणात हलणारी गोण दिसली. आत खाण्यासाठी पकडलेले जिवंत बेडूक. वनखात्याला फोन केला, पण राग जात नाही म्हणून इथे लिहितेय.

गेल्या पावसात माझ्या भाच्याने शेताच्या मेरेवर हळदीसारखा पिवळा बेडूक पाहिला. गळ्याशी दोन निळे फुगे. "मावशी, हा असा पिवळा का गे?" मी तोंड उघडण्याआधीच बाजूचे काका म्हणाले, "खायला झाला म्हणून." सगळे हसले, पोर गप्प झालं.

केवढा चांगला प्रश्न होता तो! हा आपला शेतातला मोठा बेडूक एरवी हिरवट-तपकिरी. पाऊस लागला की फक्त नर पिवळे होतात, तेही विणीच्या दिवसांपुरते. निळे फुगे म्हणजे त्यांच्या आवाजाच्या पिशव्या. उन्हाळाभर मातीत दडून राहायचं आणि या थोड्या रात्रींत ओरडून मादीला बोलवायचं. आणि आपली माणसं नेमकी त्याच रात्री टॉर्च घेऊन निघतात! आवाजाच्या मागावर जायचं, डोळ्यांवर उजेड मारायचा, दिपलेला बेडूक उचलायचा. हजारो अंडी पोटात असलेली मादीही त्याच गोणीत. मग शेतातले किडे कोण खाणार?

मान्य, जुन्या लोकांनी अडचणीच्या दिवसांत खाल्ले असतील. आज कोणाची चूल बेडकावाचून अडली आहे? बेडकांना संरक्षण देणारा १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, १९८७ मध्ये देशाने बेडकांच्या तंगड्यांची निर्यातही थांबवली, आणि आमच्याकडे अजून पहिल्या पावसाची वाट बघतात ती यासाठी.

त्या काकांवर तरी किती चिडू? लहानपणी त्यांनीही विचारलं असेल आणि त्यांनाही हेच उत्तर मिळालं असेल. भाच्याला मी रात्री जेवताना सगळं सांगितलं. तो हात थांबवून ऐकत राहिला आणि म्हणाला, "मग नंतर तो पिवळा रंग जातो कुठे?" कातडीतल्या रंगपेशींपर्यंत गेलो आम्ही, ताटं सुकली तरी उठलो नाही. एका हशाने हे सगळं बंद पडणार होतं.

हॉटेलात कोणी हळू आवाजात "जम्पिंग चिकन आहे", म्हणजे बेडकाचं मांस आहे, असं म्हणालं, तर सरळ उठून या. रात्री शेतात टॉर्च फिरताना दिसले तर वनखात्याला कळवा, माणूस ओळखीचा असला तरी.