‘चीनच्या मॉलमध्ये परदेशी माणसाला चहासुद्धा मिळत नाही’ म्हणे!

भारत-चीन थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली आणि लगोलग एक मेसेज ग्रुपांवर फिरायला लागला. त्यात म्हटलंय ते असं: चीनमधल्या मॉलमध्ये रोख घेत नाहीत, आपलं कार्ड चालत नाही, चेहरा स्कॅन केल्याशिवाय आत सोडत नाहीत, आत निम्मी दुकानं बंद, आणि उघडी आहेत त्यांत सगळा डुप्लिकेट माल. चेंगडूतले मॉल मी पायाखाली घातलेत, म्हणून हा खटाटोप.

आधी पैशांचं बघू, कारण मेसेजमध्ये खरं काही असलंच तर ते इथेच आहे. रोख नाकारणं चीनमध्ये बेकायदेशीर आहे. नाकारणाऱ्या दुकानांना तिथल्या मध्यवर्ती बँकेने दंडही ठोठावलेत. पण गल्ल्यात सुटे असतीलच असं नाही. मॉलच्या तळघरातल्या चहाच्या काउंटरवर मी २० युआनची नोट पुढे केली, तर पोरगी क्षणभर नोटेकडे बघतच राहिली. मग तिने आतून कोणाला तरी हाक मारली, त्याने कुठला तरी ड्रॉवर उघडला आणि सुटे आणून दिले. चहा मिळाला. मागची रांग खोळंबली, एवढंच.

कार्डाचं म्हणाल तर ते थेट स्वाइप करायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी मान हलवतील. पण २०२३ पासून अलिपे आणि वीचॅट या मोबाइलवरून पैसे देण्याच्या चिनी अ‍ॅपमध्ये परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं. २०२४ मध्ये एका व्यवहाराची मर्यादा १,००० वरून ५,००० डॉलरवर नेली. २०० युआनपर्यंतच्या खरेदीवर अ‍ॅपचं शुल्क नाही, त्याहून मोठ्या खरेदीवर ३ टक्के. हे सगळं घरूनच करून निघायचं, बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करायचे आणि ओटीपीसाठी रोमिंग ठेवायचं. तिथे पोचून कार्ड जोडत बसलात की मेसेज खरा वाटणारच. आणि पुण्यात आलेल्या परदेशी माणसाला भाजीवाल्याचा क्यूआर कोड दाखवा बरं! भारतात खातं नसलेल्यांसाठी यूपीआयची सोय आपणही २०२३ मध्ये, जी-२०च्या निमित्ताने सुरू केली.

खरा वैताग वेगळाच आहे, आणि तो मेसेजवाल्याला ठाऊकच नाही. हॉटेलात टेबलावरचा कोड स्कॅन केला की चिनी मेन्यू उघडतो आणि कधी कधी चिनी मोबाइल नंबर मागतो. मॉलच्या फुकट वाय-फायचंही तेच. अशा वेळी वेटरला बोलवायचं आणि शेजारच्या टेबलावरच्या ताटाकडे बोट दाखवायचं. शाकाहारी माणसाचे मात्र इथे हाल होतात, तेवढं कबूल.

चेहरा स्कॅन? चेंगडूच्या ताइकू ली या मॉलला मुळात एकच असं दारच नाही. जुन्या दात्सी मंदिराभोवतीच्या मोकळ्या गल्ल्यांत दुकानं आहेत, कोणीही कुठूनही शिरावं. कॅमेरे भरपूर आहेत, मेट्रोत बॅगा तपासतात, हॉटेल आणि रेल्वेला पासपोर्ट लागतो. चेहरा दाखवून पैसे देण्याची सोयही काही दुकानांत असते. या सगळ्याची खिचडी करून कोणीतरी मॉलच्या दाराशी नेऊन ठेवली.

रिकाम्या दुकानांची गोष्ट बहुधा डोंगग्वानच्या न्यू साउथ चायना मॉलवरून आली असावी. २००५ मध्ये दोन हजारांहून जास्त दुकानांची जागा घेऊन तो उभा राहिला, व्हेनिससारखा कालवा आणि पॅरिसची कमानसुद्धा बांधली, आणि गिऱ्हाईक फिरकलं नाही. शहराच्या मध्यापासून लांब, आणि डोंगग्वान म्हणजे कारखान्यांत राबायला बाहेरून आलेल्या मजुरांचं शहर. ते कशाला येतील? वर्षानुवर्षं तो ओसाड होता, फोटो तेव्हाचे. पुढे तो बराचसा भरला, पण फोटो काही म्हातारे होत नाहीत. आजही चीनमध्ये गरजेपेक्षा जास्त मॉल बांधलेत आणि काही खरोखर मरतायत. चालणाऱ्या मॉलमध्येही मधले कपड्यांचे मजले सुने दिसतात, कारण कपडे लोक ऑनलाइन घेतात. तळमजल्यावर निओ, एक्सपेंग या चिनी कंपन्यांच्या इलेक्ट्रिक गाड्या मांडलेल्या, वर जेवणाची हॉटेलं आणि पोरांचे क्लास. माणसं खच्चून, हातात पिशव्या मात्र कमी. अकरा वाजता व्हिडिओ काढला तर मॉल रिकामा, संध्याकाळी सात वाजता हॉटपॉटसाठी (टेबलावरच उकळत्या रश्शात शिजवून खायचं जेवण) नंबर लावून बसलेले लोक.

डुप्लिकेट माल बीजिंगच्या सिल्क मार्केटसारख्या बाजारांमुळे गाजला. मोठ्या मॉलमधली दुकानं ब्रँडची स्वतःची असतात. पर्यटकांना करपरतावा देणाऱ्या दुकानात पासपोर्ट दाखवून तशी कागदपत्रं मागा. एप्रिल २०२५ पासून त्यासाठी किमान खरेदी ५०० वरून २०० युआनवर आली आहे.